वाटीखालचं बिस्किट आणि माझं ‘थांब’

साऱ्या भिलाईत मला गप्प बसवणारं माणूस एकच निघालं, ती म्हणजे रिसाली भागातली तपासणीवाली बाई. ज्या लहानग्यांच्या मेंदूची वाढ जरा वेगळ्या चालीनं होते, ती स्वतःला किती आवरतात, सांगितलेलं डोक्यात किती धरतात, हे ती खेळता खेळता बघते. गळ्यात कायम स्टॉपवॉच, भाजीबाजारातसुद्धा! “भैया, मैं आलू बोलूँ तो प्याज देना,” असं भाजीवाल्याला सांगते आणि तो चुकला की खूश होऊन वहीत लिहिते. मलाही म्हणाली, डोकं म्हटलं की पाय धरा. मी तीनदा डोकंच धरलं. चौथ्यांदा पाय धरले ते सुटेचनात; कंबर धरली होती.

गेले होते मी नातीला घेऊन. चिंगी चार वर्षांची, शब्द मोजके, पायाला भिंगरी. बालवाडीवाले म्हणाले होते, बाईंचा कागद आणा, मग प्रवेशाचं बघू. त्या धास्तीनं बाईनं लाल कार्ड दाखवलं की मीच ओरडायची, “लाल!”

“काकू, मी चिंगीले विचारून राहिली. तुमाले जाचं हाय का बालवाडीत?”

मग वाटीखाली बिस्किट ठेवून बाई तिला म्हणाली, “घंटी वाजेपर्यंत थांब हं.” चिंगीनं लगेच माझ्यापुढे हात पसरला. बाईनं पेन उचललं. मी घाबरले.

“लिहू नका वो! घरी मी ‘थांब’ म्हनलं का लगेच आणून देतो तिले!”

बाई खो-खो हसली. “मंजे पोरीले ‘थांब’चा अर्थ ‘आलंच’! परीक्षा कोनाची घेऊ, काकू?”

तिनं शब्द बदलला: “घंटी वाजली का खाचं.” आणि मला तोंडावर बोट.

चिंगी पाय हलवत, गुणगुणत वाटीकडे बघत बसली. मी ओठ चावून. घंटीआधीच तिनं वाटी उचलली, पण चांगल्या बऱ्याच वेळानं. बाईनं कागदावर लिहिलं: घरचं माणूस गप्प राहिलं तर मुलगी बराच वेळ थांबते, वर्गात घ्यावं, सोबत मदतीला कोणीतरी असावं. ‘कोणीतरी’खाली रेघ मारून मला म्हणाली, “आजी सोडून, बरं का!”

प्रवेश झाला. बाईचं ऐकून आता घरीही चिंगीनं काही मागितलं तरी मी खुर्ची सोडत नाही. परवा चिंगीनं आपल्या हातानं माठातलं पाणी घेतलं, अर्धं सांडलं, अर्धं प्यायली आणि माझ्याकडे न बघताच खेळायला पळाली. हेच तर हवं होतं. तरी घसा माझाच कोरडा पडला.