नाचाच्या स्पर्धेतली घोडी

भिंगारपुढच्या माळावर सकाळी फिरायला गेलो की ती भेटते. कॉलेजात शिकणारी पोर, पण स्वतःची पांढरी घोडी स्वतःच नाचाला तयार करते. मला म्हणते, "काका, बाजूला हो." घोडीला मात्र, "अहो, पाय उचला." एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "मान दिल्याबिगर ती ऐकत न्हाई. तू काय, कसाबी ऐकतो."

यंदा वडिलांनी तिला बजावलं होतं, जत्रेतल्या नाचात नंबर आला न्हाई तर घोडी घोडेगावच्या बाजारात विकायला जाईल.

मी मुद्दाम बघायला गेलो. हलगी सुरू झाली. घोडी मैदानाच्या मधोमध आली आणि खांबासारखी उभी राहिली. पोरीनं विनवलं, चुचकारलं. मग लगाम हातात धरून ती स्वतःच नाचू लागली. उजवा पाय, डावा पाय, गिरकी, सगळं अगदी गंभीर चेहऱ्यानं. घोडी मान वळवून बघत होती. लोक हसून हसून बेजार झाले. मीही हसलो, पण तिचे ओठ थरथरताना दिसले आणि मला लाज वाटली.

पंच म्हणाले, "घोडी कुठं नाचली? नंबर कुनाला द्यायचा?"

गर्दीतून वडील तरातरा पुढे आले. "घोडीलाच द्या! पोर कुनी तयार केली? तिनंच ना?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिसरा नंबर दिला.

 घोडीच्या मानेत तोंड खुपसून पोरगी बराच वेळ रडली.