चिक्कीच्या गुळाची शिडं

कर्जतला समुद्र नाही, तरी माझं आरमार कर्जतलाच बुडालं. तेही जेवणाच्या टेबलावर!

आरमार म्हणजे फासे टाकून खेळायच्या जुन्या सागरी लढाईतली बोटभर, शिशाची जहाजं. मराठ्यांच्या गुराबा आणि गलबतं मी रंगवायचो, इंग्रजांची जहाजं शिळफाट्याचे माझे थोरले साडू, दिलीपराव. लढाई हरल्याचं मला काही वाटत नसे. पण माझी बायको सुनंदा त्यांचंच जहाज हातात घ्यायची.

"अगं बाई! दाजींची शिडं बगा, वाऱ्यानं फुगल्यागत वाटत्यात!"

मग माझ्या जहाजाकडे बघून, "ह्याला रंग लावायचा ऱ्हायलाय का?"

माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी लाज गुंडाळून मी साडूंना विचारलं.

"काय नाय वो! रुमालाचं कापड भाताच्या पेजेत बुडवायचं. ताठ ऱ्हातंय."

आता मीही पेजच वापरली तर मी त्यांचा चेला ठरणार! मी डोकं चालवलं. (इथेच घात झाला.) माथेरानची चिक्की एवढी कडक कशामुळे? गुळामुळे! चिक्कीचा गूळ आणून पाक केला आणि शिडं बुडवली.

"अवो, जहाजं करताय का लाडू?" सुनंदा म्हणाली.

पण काय शिडं झाली! ताठ तर ताठ, वर जुन्या कापडाचा तांबूस रंग फुकट. रविवारी सकाळी दोन्ही आरमारं टेबलावर मांडून मी माझ्यावर फडकं टाकलं, म्हणजे माझ्या आरमारावर. चहा झाल्यावर सगळ्यांसमोर ते ऐटीत ओढलं.

आरमार काळंभोर होतं. आणि हलत होतं!

"मुंग्या!" सुनंदा ओरडली.

"फुंका!" साडू म्हणाले. मी फुंकलं. निम्म्या मुंग्या माझ्या बाहीत शिरल्या.

"नाचताय काय? परातीत पाणी घ्या न् त्यात ठेवा!" सुनंदानं फर्मावलं.

घरात गुळाचा डबा आम्ही असाच ठेवतो. डबा पाण्यावर उंच असतो, जहाजं बोटभर होती, एवढा फरक माझ्या ध्यानात आला नाही. पाक विरघळला, शिडं लोळली आणि एकेक गुराब मुंग्यांसकट तळाला गेली.

साडूंची जहाजं शेजारीच कोरडी ठणठणीत उभी होती. त्यांच्याकडे एक मुंगी फिरकली नव्हती. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी साडूंची जहाजं सोडून माझी पसंत केली होती, आणि त्यांना मी स्वतःच्या हातांनी बुडवलं!