दीप्तीच्या कम्प्युटरचे पऱ्हे

दीप्ती माही सख्खी लहान बहीण होय. हे पयलेच सांगून ठेवतो, कारण आता निम्मं मुर्री गाव तिले आपली भाची सांगून राहिलं. सख्खा भाऊ एकच, मी, रत्नपाल. मॅट्रिक नापास, पंक्चरचं दुकान, पण बहिणीच्या बाबतीत माह्याएवढा जाणकार गोंदियात दुसरा नाई.

१९९९ साली मी शाळा सोडली तवा ती पयलीत होती. बाबा, म्हणजे सेवकराम, लोकाईच्या धानाच्या बांधीत चिखल करत, आई रुक्माबाई रोवणी करे. त्या घरातली पोट्टी बी.एस्सी. झाली, जुना लॅपटॉप घेतला, अन् नागपूरच्या कंपनीचं काम मुर्रीत बसून करू लागली. वेबसाइटा ज्या सर्व्हरवर चालतात, त्याईवर नजर ठेवाचं काम.

लॅपटॉप तिनं आपल्या हाताले बसवून घेतला होता. कोणतं बटन दाबलं की काय उघडाचं, अक्षर केवढं, कोणत्या सर्व्हरवर कोणत्या रस्त्यानं जाचं. असल्या आवडीनिवडी बारक्या बारक्या फायलींत राहतात अन् कम्प्युटर त्या लपवून ठेवते. दीप्तीनं त्या साऱ्या एका फोल्डरात आणल्या अन् गिट नावाच्या प्रोग्रामच्या हवाली केल्या. फाइल बदलली की गिट नवी ठेवते, जुनीबी सांभाळते, अन् बदल काऊन केला ते एका ओळीत लिहून घेते. त्या ओळी दीप्ती आपल्याच बोलीत लिहे. ‘बाजूच्या भैयाजीची पिठाची चक्की सुरू झाली की लाईट खालीवर होते, म्हणून दर मिनिटाले सेव्ह.’ ‘बाबाले बाजूले बसून पाहाचं असते, म्हणून अक्षर मोठं.’

संध्याकाळी घरात बुद्धवंदना झाली की ती दिवसभराचे बदल इंटरनेटवरच्या आपल्या जागेवर पाठवून दे. वंदना चुकली नाई, तसं हेबी चुकलं नाई. आई इचारे, "झाली का वं कम्प्युटरची वेणीफणी?"

"वेणीफणी नाई आई, पऱ्हे होत. एका जागी तयार असले की कोणत्याबी बांधीत नेऊन रोवता येतात."

धानाचे पऱ्हे रोवता रोवता आईची कंबर गेली होती. तिले पटकन समजलं. मले समजाले दोन पावसाळे लागले, पण गिऱ्हाइकाईले मी आधीपासूनच समजावून सांगत होतो.

२०१४ च्या दिवाळीत कंपनीच्या बिसेन साहेबांनी फोनवर साफ सांगितलं, "दीप्ती, गावात बसून हे काम जमत नसते. मशीन बिघडली, लाईट गेली, तर तू काय करशील? उद्या बसच्या तिकिटांच्या वेबसाइटवर गर्दी हाय. अख्खा दिवस एकटी सांभाळ. अडलं, तर पुढल्या महिन्यापासून नागपूरले येऊन बस, नाहीतर काम सोड."

ती "हो सर" म्हणली अन् बाबाकडे पाहत राहिली. बाबाचे डोळे आता जवळजवळ गेले होते. आई बांधीत, मी दुकानात, दिवसा त्याईच्या जवळ तीच राहे. नागपूरले जाणं म्हणजे बाबाले भिंतीच्या भरवशावर सोडणं होतं. बाबा म्हणले, "जा ना बेटा, मी काय लहान पोट्टा हावो?"

सकाळी ती लॅपटॉप चार्जिंगले लावून चहा पिऊन राहिली होती. बाजूच्या भैयाजीनं चक्कीचा खटका ओढला. बल्ब आधी मंद झाला, मग पांढराफटक पेटला, अन् लॅपटॉपातून जळकट वास आला. दीप्तीनं वायर ओढली, बटन दाबून पाहिलं. मशीन मेली होती.

मी ओसरीवर होतो. मी तर भैयाजीच्या नावानं बाह्याच वर केल्या. दीप्ती म्हणली, "दादा, भांडण संध्याकाळी कर. आता गाडी काढ. गुड्डूच्या दुकानात चाल."

गुड्डूचं मुर्री रोडवर फोटोचं दुकान. लग्नसराईचे अल्बम बनवते. आम्ही पोचलो तवा तो शटर वर करून राहिला होता. दीप्तीनं त्याले दिवसभरासाठी कम्प्युटर मागतला.

"अरे बहन, पुऱ्या कम्प्युटरवर बिहावाचे फोटो भरून हायेत," तो म्हणला. "एखादी नवरी गायब झाली तर लोक मले पकडतीन."

"तुह्या नवरीले हात नाई लावत. तुही डिस्क उघडतच नाई."

तिनं गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातला पेनड्राईव्ह काढला. त्यात लिनक्स होता, म्हणजे कम्प्युटर चालवणारा अख्खा प्रोग्राम, अन् सर्व्हरची चावी, तेबी पासवर्डात बंद. चावी ती गिटमधी कधीच टाकत नाई. तिनं मले बजावलं होतं, घराचा नकाशा दूर ठेवला तरी चालते, चावी अंगावरच पाहिजे.

कम्प्युटर पेनड्राईव्हवरून सुरू झाला. काळ्या पडद्यावर अक्षरं धावली. तिनं आपलं फोल्डर इंटरनेटवरून खाली घेतलं, एक आदेश दिला, अन् पाहता पाहता तेच मोठं अक्षर, तोच हिरवा रंग, तेच बटन. गुड्डूचा कम्प्युटर मुर्रीचा झाला.

अन् तिथंच गाडी अडली. सर्व्हर उघडेना. बिसेन साहेबांचा फोन आला, "काय झालं? लाइन लागून नाही राहिली?"

"पाहून राहिली सर," ती म्हणली.

मी म्हणलो, "सारं नव्यानं कर."

"कायले? कालवरी तर चालत होतं." तिनं आपल्या ओळी उघडल्या. सगळ्यात वरची आदल्या सांजेची होती. ‘सर्व्हरले जाचा नवा रस्ता, जलद वाटते.’ घरच्या नेटवर तो रस्ता चालला होता, गुड्डूच्या नेटवर बंद होता. तिनं तेवढा एकच बदल मागं घेतला. बाकी सारं जागच्या जागी राहिलं, रस्ता तेवढा जुना झाला. सर्व्हर उघडला.

"लागली सर," ती म्हणली.

मग दिवसभर ती जागची हालली नाई. तिकिटांची अशी झुंबड उडाली की एक सर्व्हर धापा टाकू लागला. तिनं दुसरा जोडीले लावला. गुड्डू गिऱ्हाइकाले सांगे, "आज फोटो नाही, आज बसगाड्या चालू आहेत." त्या दिवशी बाबाजवळ आई थांबली होती. दुपारी तिनं डबा पाठवला, तो मी खाल्ला.

संध्याकाळी बिसेन साहेबांचा फोन आला. एकदाही अडलं नव्हतं.

"सकाळी लाइन उशिरा काऊन लागली?"

"लॅपटॉप जळला सर. फोटोच्या दुकानातून काम केलं."

मग साहेब म्हणले, "कोणाच्या मशीनवर?"

"दुकानवाल्याच्या. माह्या सेटिंग गिटमधी होत्या."

"मग तू मुर्रीतच राह्य. नोकरी पक्की. ते फोल्डर कसं बनवलं, हे आपल्या बाकीच्यांना एकदा शिकवशील."

घरी येऊन तिनं बाबाचा हात धरला अन् सांगितलं. बाबानं हसत डोळे पुसले, अन् मी बाहेर जाऊन ज्याले भेटलो त्याले सांगितलं. भैयाजीलेबी सांगितलं, जरा जोरानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर खोकल्याचा आवाज झाला. पाहतो तर भैयाजी, मिशीपासून चपलेपर्यंत पिठानं पांढरा. आजवरी त्यानं चक्की कोणाले इचारून सुरू केली नव्हती.

"दीप्तीबाई," तो म्हणला, "खटका ओढू का? तुहं काही चार्जिंगले लावलेलं तर नाई?"

दीप्ती बाबाले चहाची बशी धरून देऊन राहिली होती.

"ओढा काका," ती म्हणली. "आमचंबी दळण हाय."