पोहे खाऊन घेतलेली चॅसी

माझ्या जुन्या ट्रकची सडलेली चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मी आधीच कापून भंगारात दिली होती. तिच्या जागी चॅसी हवी म्हणून लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका मराठी पोराकडून जुना पिकअप आणला. त्याचे बोल्ट काढताना मी घातलेल्या शिव्या अर्ध्या इंग्लंडने ऐकल्या असतील. शेवटी बॉडी उचलली आणि हातोडी मारली, तर ताज्या काळ्या रंगाखालची चॅसी पापडासारखी मोडली.

"घेताना खाली शिरून बघितलं नाहीत?" बायकोने विचारलं.

"अगं, त्या पोराने 'अहो काका' करत तीनदा पोहे वाढले. मग त्याच्याच गाडीखाली कसं शिरायचं?"

विटांवर ठेवलेली ट्रकची केबिन आता कशावर बसवायची, कळेना. तेवढ्यात त्याचाच फोन आला.

"काका, गाडी कशी आहे?"

"फर्स्ट क्लास!" मी ओरडलो. बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही.