खिंडीच्या अलीकडे

लडाखची कल्पना माझीच. दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझा दोस्त हुपरीचा, चांदीकामातला. दिवसभर बसून त्याचं पोट सुटलेलं. दर रविवारी जोतिबाच्या डोंगरावर चालवत नेऊन त्याला तयार केला तोही मीच. वळणावळणाला तो बसायचा, मी थांबायचो. रंगीत डोंगरांतून एक दिवस चालायचं आणि वरच्या खिंडीत दोघांनी एकदमच पाय ठेवायचा, एवढं ठरलं होतं. लडाखात मला दुसरं काही नकोच होतं.

पोचल्यावर वाटाड्यानं बजावलं, विरळ हवेची सवय होईस्तोवर दोन दिवस नुसतं पडून राहा. तालमीत वाढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे डिवचणंच. दुसऱ्या सकाळी लॉजच्या अंगणात मी बनियनवर जोर काढायला लागलो. पुण्याच्या एका कुटुंबानं टाळ्या वाजवल्या, मग काय, बैठकाही झाल्या.

"बास की मर्दा, पावणं भ्यालं," दोस्त खिडकीत रजई पांघरून म्हणाला.

त्या रात्रीपासून डोकं ठणकायला लागलं ते थांबेचना. चालायच्या आदल्या रात्री वाटाडा सगळ्यांना बोलवून वाट समजावत होता, तेव्हा मी गोळी घेऊन आडवा झालो होतो.

सकाळी निघालो. एक डोंगर गंजल्या पत्र्यासारखा लाल, त्यामागचा जांभळा, आणि मध्ये गवताचं पातं नसताना चक्क हिरवा पट्टा. पण मी बघतोय कुठं! बुटाची नाडी बांधायला वाकलो तो तिथंच बसलो.

"तू बस हितं," दोस्त म्हणाला. "वर किती ऱ्हायलंय बघून आलोच. मग दोघं जाऊ."

"नक्की?"

"तुला सोडून जाईन व्हय?"

वाटाड्याचा मदतनीस माझ्याजवळ थांबला. बाकीचे वर गेले. खिंडीत दोस्ताची पिवळी टोपी दिसली, दोन्ही हात वर झाले, मग टोपी पलीकडे उतरली. पलीकडची उतरण बघून येत असेल, म्हटलं. तो परतल्यावर उशीर नको म्हणून मी नाड्या आवळल्या आणि जरा इकडंतिकडं चालण्याचा सरावही केला. शेवटी मदतनीस म्हणाला, "आता खाली उतरू या. त्यांना न्यायला पलीकडे गाडी येणार आहे. रात्री सगळ्यांना सांगितलं होतं की."

सगळ्यांना. म्हणजे 'आलोच' म्हणताना त्यालाही ठाऊक होतं.

संध्याकाळी लॉजवर तो माझ्याआधीच चहा पीत बसला होता. "कशी हाय तब्येत?"

"बरी हाय," मी म्हणालो.

घरी परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी आम्ही धारोष्ण दूध प्यायला दुधाच्या कट्ट्यावर उभे होतो. नेहमीची मंडळी जमली आणि यानं सुरू केलं, "ह्यानंच मला जा म्हटलं. 'माझ्यापायी थांबू नगं' म्हणाला. असा दोस्त मिळाय नशीब लागतं. व्हय का न्हाय रं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी पाठीवर थाप मारली, कुणी माझ्यासाठी दुधाचा पेला सांगितला. खरं काय ते सांगायला गेलो असतो, तर दगडांत एकट्यानं केलेला तो सरावही सांगावा लागला असता.

"व्हय," मी म्हणालो.

मग खिंडीपलीकडं काय दिसतं ते त्यानं सगळ्यांना रंगवून सांगितलं. मीही त्यांच्यातच उभा राहून ऐकलं.