अर्धविरामाच्या पुढचं

नगरच्या एका छोट्या कंपनीत मी सात वर्षं एकच काम करतेय. आम्ही गावोगावच्या पाणीयोजनांवर कंट्रोलर, म्हणजे पाणी सोडणारी-थांबवणारी मशीन, बसवतो. जुन्या मशीनची सेटिंगची फाईल नव्या मशीनला कळेल अशा रूपात बदलून देणं, हे माझं काम. यात काय सांगण्यासारखं, असं लोकांना वाटतं. पण जिथे एका टिंबावरून गावाचं पाणी अडतं, तिथे किस्से साठणारच. आणि सांगताना माझं डोकं अजून तापतं!

*

श्रीगोंद्याकडच्या एका गावात आमचा टेक्निशियन कसबे मशीन लावायला गेला. नव्या मशीनला यॅमल पद्धतीची फाईल लागायची. त्यात ओळ किती आत सरकवलीय यावर अर्थ ठरतो, आणि ती स्पेसनंच सरकवायची, टॅबनं नाही. कसब्यानं एका ओळीत टॅब दाबला. मशीन सुरूच होईना.

सकाळपासून तो फाईलकडे बघतोय आणि गाव त्याच्याकडे. दुपारी मला फोन आला. मी चूक सांगितली. तो म्हणाला, "मॅडम, दोन्हीकडं कोरंच दिसतंय. कोऱ्याकोऱ्यात बी जात असती व्हय?"

*

कोल्हारजवळच्या एका वस्तीत गल्ल्यांना नंबर होते, ००१, ००२ असे. पुढे शून्य असलेला आकडा दिसला की तिथलं मशीन दहाऐवजी आठाच्या पटीत मोजायचं. त्यामुळे ०१० म्हणजे आठ! दहा नंबरचं पाणी दोन दिवस आठ नंबरला गेलं.

दुरुस्तीला मी स्वतः गेले. दहा नंबरातले एक आजोबा जाब विचारायला उभेच होते. मी समजावलं, "आजोबा, आपल्याला दहा बोटं, म्हणून आपण दहावर मोजतो. हे मशीन आठावर मोजतं."

"मग दोन बोटं तुटलेलं मशीन आमालाच का दिलं?"

*

दुसऱ्या एका गावात चार भागांना इंग्रजी दिशांची पहिली दोन अक्षरं दिलेली. उत्तर भाग, नॉर्थ, म्हणून NO. यॅमलनं तो 'नो' वाचला, म्हणजे नाही. यादीतून उत्तर भागच गेला.

मी सरपंचबाईंची माफी मागितली. त्या स्वतः उत्तर भागातल्या. म्हणाल्या, "मशीनला कशाला बोलता? आमच्या भागाला सगळी आधीपासून न्हाईच म्हनत आलीत."

*

मग वरून हुकूम आला, आता सगळं जेसन पद्धतीत. त्यात यादीतल्या शेवटच्या नोंदीपुढे स्वल्पविराम आला की अख्खी फाईल बाद. माझ्याकडून एक राहिला. मशीनवाल्या कंपनीला तीन दिवस मेल केले; उत्तर एकच, फाईल चुकीची आहे. काय चुकलंय ते सांगायचं नाही!

चौथ्या दिवशी मलाच तो सापडला. संतापून कळवलं. उत्तर आलं, 'शेवटी स्वल्पविराम हा नियमभंग आहे.' खाली लिहिलेलं, 'रिगार्ड्स,' आणि त्या स्वल्पविरामापुढे काही नाही.

*

पुणतांब्याकडच्या एका योजनेवर अब्बासभाई वीस वर्षं पंप ऑपरेटर. जुन्या फाईलमध्ये अर्धविराम देऊन पुढे काहीही लिहिता यायचं, मशीन ते सोडून द्यायचं. अब्बासभाईंनी तिथे टिपणं लिहून ठेवलेली. जेसनमध्ये अशा टिपणांना, म्हणजे कॉमेंटना, जागाच नाही. माझ्या प्रोग्रामनं ती सगळी गाळली, आणि काय गाळलं ते मी पाहिलंही नाही.

नव्या फाईलमध्ये आमच्या साहेबांना दिसलं की बाकीचे व्हॉल्व्ह वीस सेकंदांत उघडतात आणि सहा नंबरचा तीनशे. त्यांना ती चूक वाटली. त्यांनी तिथेही वीस केले. पहिल्याच दिवशी पाणी एकदम जोरात सुटून सहा नंबरची लाईन फुटली. चार दिवस गाव कोरडं. अहवालात कारण लिहिलं, ऑपरेटरचा हलगर्जीपणा.

मला राहवेना. चौकशीच्या बैठकीत मी जुन्या फाईलची प्रिंट घेऊन गेले आणि अब्बासभाईंसमोर ती ओळ मोठ्यानं वाचली: 'हा आकडा कमी करू नये. लाईन जुनी आहे, फुटेल.'

साहेब म्हणाले, "ती कॉमेंट आहे. मशीन कॉमेंट वाचत नाही."

अब्बासभाई शांतपणे म्हणाले, "मशीनसाठी न्हवतंच लिवलं, साहेब."