गायब झालेले डिस्कचे आकडे

मंजुश्री लोणारची. वडील शिक्षक. संगणकाचं शिक्षण घेऊन ती काही वर्षं पुण्यात राहिली, तिथं करमलं नाही म्हणून परत आली आणि मेहकरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. तिथले सगळे संगणक आणि सर्व्हर तिच्याकडे.

गेल्या हिवाळ्यात लॅबचे रिपोर्ट दुपारी अडकायला लागले. काउंटरवरच्या वंदनाताईंनी नाव टाकलं की पडद्यावर नुसतं चक्र फिरायचं. समोर पेशंटची गर्दी. एकदा डॉक्टरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, ‘‘तुमचे हातच चालत नाहीत. दुसरी मुलगी बघावी लागेल.’’ वंदनाताई त्यानंतर घरी लेकीच्या लॅपटॉपवर टायपिंगचा सराव करू लागल्या. खरं तर मंजुश्रीलाही त्यांचाच हात संथ वाटत होता.

तरी तिनं सर्व्हरवर किती ताण येतो ते पाहायचं ठरवलं. नियंत्रणाच्या पडद्यावर प्रोसेसरचे आकडे होते, मेमरीचे होते. रिपोर्ट जिथं साठतात त्या डिस्कचे नव्हतेच. शून्य दाखवत होते असंही नाही. यादीत डिस्कचं नावच नव्हतं. मोजणी करणारा प्रोग्राम बिघडला असेल म्हणून तिनं तो नव्यानं बसवला. काही फरक पडला नाही. मग एकेका मोजणीची स्थिती तपासली, तेव्हा डिस्कपुढं ‘बंद’ असं आलं. हा बिघाड नव्हता. कोणीतरी मुद्दाम बंद केलं होतं.

तिच्याआधी हे काम गोकुळ पाहायचा. आता त्याचं बसस्टँडजवळ मोबाइलचं दुकान आहे. तिनं त्याला फोन लावला.

‘‘हाव, म्याच बंद केलं,’’ तो म्हणाला. ‘‘रोज डिस्कपुढं लाल निशाण यायचं अन् डॉक्टर मलेच बोलायचे. निशाण गेलं, बोलणं गेलं.’’

‘‘पण लाल काऊन यायचं, ते पाह्यलं नाही तुम्ही?’’

‘‘नाही.’’

तिनं मोजणी सुरू केली आणि दुपारची वाट पाहिली. गर्दीच्या वेळी डिस्कची रेघ वर गेली आणि वरच राहिली. नेमक्या त्याच वेळी सर्व्हर साऱ्या रिपोर्टांची जपून ठेवायची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, काढत होता. रात्री लॅबची वीज बंद करतात, म्हणून हे काम कधीतरी दुपारवर ढकललेलं होतं.

वंदनाताईंनी रेघ पाहिली. ‘‘म्हणजे हे माह्या हातानं नाही?’’

‘‘नाही, ताई.’’

मंजुश्रीनं डॉक्टरांना सगळं दाखवलं. ही प्रत रात्री निघावी म्हणून सर्व्हर रात्री चालू ठेवायला ते तयार झाले आणि ‘‘मग ठीक आहे,’’ म्हणून उठले. वंदनाताई दारातच उभ्या होत्या.

‘‘सर, तुम्ही मले पेशंटसमोर बोलले होते.’’

डॉक्टर थांबले. मग बाहेर येऊन बाकांवरच्या लोकांना म्हणाले, ‘‘रिपोर्टाला उशीर मशीनमुळं होत होता. यांची चूक नव्हती.’’ बसलेल्यांपैकी बहुतेकजण त्या दिवशी पहिल्यांदाच आले होते. वंदनाताईंनी मान हलवली आणि पुढचं नाव पुकारलं.

संध्याकाळी मंजुश्रीनं गोकुळला पुन्हा फोन केला.

‘‘माहं नाव सांगितलं काय?’’ त्यानं विचारलं.

‘‘सांगितलं.’’



‘‘बरं केलं,’’ तो म्हणाला आणि गिऱ्हाईक आलंय म्हणून फोन ठेवला.